शेऱ्याचा रकाना

आमच्याकडं दाबसुद्धा किलोत मोजतात.
'किती आहे?' 'पंचेचाळीस किलो.'
वाळव्याजवळच्या या कारखान्यात
बॉयलरवर सव्वीस हंगाम काढले,
मला वाटायचं, वाफ जडच असणार.

शमा मुलाणी हसली.
सांगलीला एम.एस्सी. करते,
चुलत्याचा डबा घेऊन रातपाळीला आली होती.
'काका, दाब वेगळा, वजन वेगळं.'
मग गेजच्या काट्याकडं बघत थांबली.
'तसं अगदी वेगळं नाही पण.'

म्हणाली, नुसतं द्रव्यच ओढत नाही,
कोंडलेला रेटाही ओढतो.
उभा, आडवा, खोल,
तिन्ही अंगांनी रेटतो, म्हणून तीनदा धरायचा.
बाहेर ढकलणाराच आत ओढत असतो.

मी म्हणालो, मग काट्यावर दिसू दे की.
चढवू बॉयलर, उसाच्या ट्रॉलीमागं नंबर लावून.

'नाही दिसायचा. पत्रा आहे ना.
वाफ रेटते तेवढा पत्रा ताणला जातो.
ताण म्हणजे उलटा दाब.
याची ओढ तो वजा करतो,
हिशेब जागच्या जागी मिटतो.'

म्हणजे पत्रा काटा मारतो, म्हणालो.
या भागात एवढं कुणाला समजवावं लागत नाही.

'आणि ताऱ्याचं?'
'ताऱ्याला पत्रा नसतो, काका.
सेफ्टी व्हॉल्व्ह नसतो.
आपल्याच वजनाखाली बसू नये
म्हणून आतून रेटत राहतो.
फारच भारी असला तर रेटा वाढवायचा,
आणि वाढवलेला रेटा
त्याच वजनात जमा.
एका हद्दीपुढं टेकूच ओझं होतो.'

भट्टीत चिपाड भुरभुरत होतं.
मला शौकत आठवला. तिचा बाप. याच फळीवर.
दोन भावांची घरं, बहिणीचं बाळंतपण,
कुणाच्या पोराची फी,
सगळं छातीनं रेटून धरायचा.
रेटणारा दिसला की
माणसं त्याच्याकडंच सरकतात.
फेब्रुवारीत, डबल ड्यूटीला,
फीडपंपाशी बसला तो बसलाच.

हे मी बोललो नाही.
तिनं काचनळीतलं पाणी बघितलं, उगाच,
मान तिरकी करून, त्याच्यासारखी.

सहाला पाळी सुटली. वहीत भरलं:
दाब पंचेचाळीस. पाणी अर्धी काच.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून
जरा उभा राहिलो.
शाईचा ठिपका कागदात पसरत गेला.
त्याच्याशेजारी लिहिलं, 'ठीक'.