पंच क्रमांक दोन

फौजदारांनी विचारलं, सही येते का?
म्हटलं, येते. सातवी पास आहे.
तसा मी पंच क्रमांक दोन झालो.
क्रमांक एक फाटकाजवळचा झेरॉक्सवाला,
तो त्या वेळी विट्याच्या बाजारात होता.

पंचनाम्यात आलं ते एवढं:
बारावी ब. टेबल एक, कोपरा तुटका.
चष्मा एक, डावी काच नाही.
डस्टर एक. खडूचा भुगा.
पांढरं बटण आलं नाही.
ते मी आधीच झाडून घेतलं होतं,
वर्ग रिकामा दिसला की झाडायचा,
बावीस वर्षांची सवय.

कुंभोजे सर काय बोलले ते सगळ्या वर्गानं ऐकलं.
"बाप तिकडं सेलमला लोकांचं सोनं गाळतोय
आणि ह्याच्या डोक्यात नुसती राख."
प्रज्योत उभा राहिला.
सरांचा हात त्याच्या कॉलरला,
मग त्याचे दोन्ही हात सरांच्या छातीला.
मग टेबल.
मनगटाचा आवाज मी व्हरांड्यात ऐकला,
वाळकी शेंग फुटावी तसा.

साध्या कपड्यांतले पोलीस आले. बेडी नाही.
फौजदार मला शिकवत होते:
अटक म्हणायचं नाही, ताब्यात घेतला म्हणायचं.
आरोपी म्हणायचं नाही,
विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणायचं.
मला तो शब्द एका दमात येईना.
त्याची आई जीपमागं चालत
एकच विचारत राहिली,
"डबा तसाच राहिलाय ओ त्याचा."

सांगलीला मंडळापुढं मी जनरल रजिस्टर नेलं,
एसटीत मांडीवर धरून, टॉवेलात गुंडाळून.
वय सतरा वर्षं, महिने दहा.
वकील म्हणाले, दोन महिन्यांनी वाचला,
नाहीतर मोठ्यांचं कोर्ट होतं.
पाचवीत नाव घालताना ही तारीख
त्याच्या आईनं बोटांवर मोजून सांगितलेली,
खरसुंडीची यात्रा झाली, त्याच्या चौथ्या दिवशी.

तिथं पिंजरा नव्हता. टेबल, पंखा,
भिंतीवर कुणा पोरानं काढलेला मोर, एक पाय अर्धा.
बाईंनी रजिस्टर पाहून परत दिलं.
"आणखी काही सांगायचंय?"
माझा पगार शाळेचा. सर शाळेचे.
मी खिशातून बटण काढून ठेवलं.
दोऱ्याला अजून कापडाची चिंधी होती.
प्रज्योतनं पहिल्यांदा वर बघितलं,
मोराकडं, का माझ्याकडं, कळलं नाही.

निरीक्षणगृहातून अकराव्या दिवशी सोडला.
हॉलतिकीट मिळालं.
शनिवारी परिविक्षा अधिकाऱ्याकडं हजेरी,
सिव्हिलमध्ये केसपेपर लावायचं काम,
आणि सरांना लेखी माफी, स्वतःच्या अक्षरात.
सरांनी काही लिहून द्यायचं, असं आदेशात कुठं नाही.
मी दोनदा वाचून घेतला.

नोंद म्हणे मुदत संपली की नष्ट करतात.
असेल. शाळेचे जुने पेपर
दर मे महिन्यात मीच जाळतो.
वाऱ्याच्या दिवशी राख पार चावडीपर्यंत जाते.

सोमवारी सर आले, उजवा हात गळ्यात.
डाव्या हातात खडू धरून बघितला, जमेना.
दाराकडं न बघताच म्हणाले,
"ऐवळे, तारीख घाला."
मी घातली.
फेब्रुवारी लिहिता लिहिता ओळ खाली उतरली.
सर बघत होते.
पुसा म्हणाले नाहीत.