सुईदोरा डॉट को डॉट यूके

मंगळवार, सव्वाअकरा. मशीनखाली
शाळेच्या ब्लेझरची बाही,
तोंडात तीन टाचण्या. फोन वाजला.

टाचण्या काढून हॅलो म्हणेपर्यंत
तो डॅनियल झालेला होता,
नोंदणी विभागातून बोलत होता,
आवाजात घाई, पण माझ्या बाजूची.

लीड्सचं एक गिऱ्हाईक, म्हणाला,
आत्ता, या क्षणी, दुसऱ्या लाइनवर आहे.
त्याला तुमचं नाव हवंय,
शेवटी नुसतं यूके असलेलं.
पहिला हक्क अर्थात तुमचा,
पण मी त्याला बारापर्यंतच थोपवू शकतो.

कुठलं नाव, मी विचारलं, उगाच, खात्रीसाठी.
त्यानं अक्षरं एकेक करून वाचली,
एस शुगरचा, यू अंब्रेलाचा, आय इंडियाचा,
आणि मग सगळी जोडून म्हणाला:
सुईदोरा.

मी गप्प झाले.

केटरिंगमध्ये एकोणीस वर्षं झाली या दुकानाला.
पोस्टमन म्हणतो स्विडोरा.
बँकेतल्या मुलीला मी स्वीडनची वाटते.
पडदे घेऊन आली की मिसेस ॲबॉट विचारते,
सू म्हणजे तू ना? मग डोरा कुठे असते?
मी सांगते, डोरा आज सुट्टीवर आहे.

आणि हा माणूस
‘द’ दातांना टेकवून म्हणाला.

त्यातच कळायला हवं होतं. कळलंही असेल.
पण मला दुसरंच ऐकू येत होतं,
की लीड्समध्ये कुणाला तरी
माझं नाव हवंय.

दहा वर्षांचे एकशे एकोणनव्वद पौंड, वर व्हॅट.
कार्डाचे आकडे मी वाचून दाखवले
बाळाचं वजन सांगावं तसे.

दुपारी शेजारचा फ्रेमवाला ग्लिन ओकडेन
चहाचा मग घेऊन दारात उभा.
सकाळी गंमत झाली, म्हणाला,
लीड्सच्या कुणाला म्हणे माझं नाव हवंय.
ओकडेन अँड सन! सन तर ऑस्ट्रेलियात.
म्हटलं, घेऊन टाक बाबा. ठेवला फोन.

मी हसले. मग टाके उसवत बसले,
बाही उलटी लागली होती.

ते नाव मोकळंच होतं.
चार-सहा पौंडांत, कुणालाही, कधीही.
एवढ्या मोठ्या जगात एकाही माणसानं
सुईदोरा मागितलं नव्हतं.

आमच्याकडे नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यांत एका टिंबाचा फरक.
पहिलं आत्या करते, कानात कुर्र करून.
दुसरंही बहुतेक तीच करते, आपण मोठे झाल्यावर.
घरी सांगितलं असतं तर टिंब पडलंच असतं,
म्हणून वहीत लिहिलं: दोरे, बॉबिन, किरकोळ.
बँकेला मात्र सांगावं लागलं.
कार्ड बंद करते, मुलगी म्हणाली,
फक्त दुकानाचं नाव परत सांगा. परत.

त्या डॅनियलचं खरं नाव काय असेल?
कुणीतरी हौसेनं ठेवलेलंच असणार.
तो ते घरी ठेवून येतो,
आणि दिवसभर दुसऱ्याचं घालून बसतो,
खांद्यात ढगळ, बाह्या बोटांवर आलेल्या.
मी पाच मिनिटांत आत घेऊन दिल्या असत्या.
म्हणजे चोराच्या. मापं घेण्याची सवय, दुसरं काय.

शुक्रवारी एक पोरगी आली,
प्रॉमचा झगा, कमरेत सैल.
पावतीसाठी नाव विचारलं. लिथुआनियातलं होतं,
पावतीच्या रेघेहून लांब.
काहीही लिहा, ती म्हणाली, सगळे तसंच करतात.
मी म्हटलं, नाही. एकेक अक्षर सांग.

तिनं सांगितलं. मी जोडून म्हटलं.
ती गप्प झाली.

मग मी म्हटलं,
पंधरा पौंड. आगाऊ.