खाच

जमिनीपासून अकरा हात वर, पाइनच्या खोडात
अतायच्या आज्यानं कोरलेली ढोली आहे.
खाली सालीवर आमचा तमगा:
पदक नव्हे, दोन उभ्या रेघा, एक आडवी.
म्हणजे ह्या माश्या आमच्या,
किंवा आम्ही त्यांचे.
वर जायला खोडात खाचा, अंगठ्यापुरत्या,
आणि कमरेला कातड्याचा विणलेला दोर.
पन्नास वर्षांत बापानं कधी पाय कुठे ठेवतोय ते पाहिलं नाही.
पायाला दिसतं, म्हणायचा.

ह्या सप्टेंबरात तो तिसऱ्या खाचेवर थांबला.
मी खाली, हातात धुराचं भांडं.
"साल ओली आहे, तानसुलू."
साल ठणठणीत कोरडी होती.

रात्री मोजा काढायला लावला.
निघेना.
उजव्या अंगठ्याखाली रूबलच्या नाण्याएवढं
तपकिरी, चकचकीत, देखणं म्हणावं असं काहीतरी,
त्याला पॉपलरच्या कळ्यांचा वास.
"प्रोपोलिस," तो म्हणाला,
उत्तर येत असलेल्या पोरासारखा.
कधीपासून?
"गवत कापलं तेव्हापासून."
दुखत नाही?
"नाही ना! तेच तर सांगतोय."

मी नर्स आहे. "दुखत नाही" हे शब्द
बाकावर बसलेल्या इतक्या माणसांकडून ऐकलेत
की कण्हणारा भेटला तर हायसं वाटतं.

मग फडताळ उघडलं.
परागाचे पिवळे दाणे. रॉयल जेलीच्या नळ्या, करंगळीएवढ्या.
व्होडकात बुडवलेलं काहीतरी काळं.
डब्यावर हसणारा म्हातारा आणि "साखर मुळापासून!"
उन्हाळ्यात मोटार घेऊन एकजण आला होता,
अतायकडूनच पोतंभर पराग घेऊन गेला,
आणि महिन्याभरात तोच, बाटलीत भरून,
चौपट भावानं अतायलाच विकला.
असं मधाचं बोट मधवाल्यालाच लावणारा
मी पहिल्यांदा पाहिला.
माझ्या गोळ्या चहाच्या डब्यामागे होत्या.
पाकीट न फोडता.

मी ओरडणार होते. सुईचा थेंब काढला,
यंत्रानं एकोणीस पूर्णांक चार दाखवले,
आणि त्यालाच विचारलं,
तो उंदीर आठवतो?
माझ्या लहानपणी थंडीत ढोलीत शिरलेला.
माश्यांनी मारला, पण ओढून बाहेर काढवेना,
म्हणून मिशांपासून शेपटीपर्यंत राळेत गुंडाळला.
वसंतात तू मला दाखवलास. वास नाही, काही नाही.
"आठवतो की. जसाच्या तसा होता."
बरा झाला होता का, अताय?

समोवार बराच वेळ कुरकुरला.
"नाही," तो म्हणाला. "झाकला होता."

कोमट पाण्यात पाय. थरावर थर सुटत गेले.
खाली काय होतं ते लिहीत नाही.
माशीची चूक नव्हती. ती फट बुजवते,
तिला रक्ताचं घर माहीत नाही.
रोगाच्या नावात मध आहे
म्हणून मधमाशी नात्यातली निघत नाही.

डोळे मीट, म्हटलं. लागलं की सांग.
नायलॉनचा बारीक धागा, माशीच्या पायाइतका:
करंगळी. चवडा. टाच.
तो शहाण्या मुलासारखा वाट बघत बसला.
घोट्यापाशी आल्यावर म्हणाला, "आता."

जिल्ह्याची बस सकाळी नऊला.
त्याआधी, उजाडताना, त्यानं दोर माझ्या कमरेला बांधला.
गाठ दोनदा तपासली.
मी अनवाणी. तो ओंडक्यावर, बँडेजातला पाय समोर ठेवून.
मध नाही काढला, फक्त झाकण बघायचं होतं,
अस्वलानं हात घातलाय का ते.
"चौथी जरा डावीकडे," खालून आवाज.
"पाचवी उथळ आहे, अंगठा आडवा घाल."
सहावीला मी चाचपडले.
"आहे, आहे तिथेच," तो म्हणाला. "मला लागतेय."