डावं वळण

गाडी जपानहून आलेली, तिसऱ्या हातची,
स्टिअरिंग भलत्या बाजूला;
उलानबातरमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही.
आवाज चौथ्या दिवशी लागला,
तूलच्या पुलापाशी, फक्त डाव्या वळणाला:
खर्रर्र, मग टक्.

गॉन्चिगच्या गॅरेजात नेली तर गप्प,
डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरावा तशी.
‘कसा येतो?’
मी तोंडानं काढून दाखवला.
चुलूननं वेगळाच काढला.
‘आधी तुमचं दोघांचं जुळू द्या,’ गॉन्चिग म्हणाला.

शेवटी मीच शिरले डिकीत,
मेंढीच्या कातड्याचा कोट, बॅटरी दातांत.
बाहेर उणे अठ्ठावीस.
चुलून मोकळ्या माळावर
नुसता डावीकडे, डावीकडे फिरवत राहिला.
स्टेपनी नाही.
जॅक नाही.
लग्नाला अकरा वर्षं झाली,
इतका कान देऊन मी याचं बोलणंही ऐकलं नव्हतं.

मागच्या दाराचं अस्तर उचकटलं.
काच उतरते त्या पोकळीत
एक पोलादी गोळी,
वाटाण्याहून जराशी मोठी, गुळगुळीत.
‘जुगाराच्या यंत्रातली,’ गॉन्चिग म्हणाला,
‘तिकडे असतात असली.’
बायको येताना दिसली असेल,
आणि कुणीतरी घाईनं
खिडकीच्या फटीत सोडली असेल.
चुलून उगाच हसला.
माझी नजर त्याच्या खिशांवर गेली.

गोळी आता ॲशट्रेत असते.
तिथंही वाजते. वाजू दे,
कोण वाजतंय ते ठाऊक आहे.

परवापासून उजव्या वळणाला
काहीतरी कुरकुरतंय.
चुलून म्हणतो, त्याला नाही येत ऐकू.