दुसरा भाग

पहिल्या भागात मी तीन सेकंद आहे.
नायकाच्या डाव्या खांद्यामागे,
हातात कॅन्टीनचा ट्रे, ट्रेवर लाकडी सफरचंद.
खरी आणली होती, ती आम्ही दुपारपर्यंत संपवली.
सगळे उजवीकडे गिरकी घेतात तेव्हा
मी एक मात्रा उशिरा.

कुणी कापलं नाही ते.
दिग्दर्शक बाई म्हणाल्या, राहू दे,
शाळेत कुणीतरी असतोच असा.

ती उन्हाळ्याची सुट्टी.
डुलूथच्या टेकडीवरची आमची शाळा
पाच आठवडे त्यांना भाड्याने दिलेली.
दिवसाला चाळीस डॉलर, एक टोपी
आणि सँडविच हवी तेवढी.
म्हाताऱ्या ओस्टबीने जिमची फरशी मेण लावून इतकी घासली
की बूट कुईकुई करायचे,
ते कुईकुई गाण्यातच राहिलं.
नीट ऐका, दुसऱ्या कडव्याआधी.
नायिकेचा वरचा सूर खरं तर कारिन लाहतीचा,
पडद्यावर ओठ दुसरीचे.
टिपेला जरासा फाटलेला,
कडाक्याच्या थंडीत दार उघडावं तसा.

सोळा वर्षांनी दुसरा भाग.
सुपीरियर स्ट्रीटवर फलक,
बेकरीत चांदणीच्या आकाराची बिस्किटं.
तिकिटं मी तीन आठवडे आधीच काढलेली.
शेजारी मारेन, वय नऊ,
मांडीवर पॉपकॉर्नची बादली.

तर ऐका.
शाळा जॉर्जियातल्या कुठल्याशा गोदामात उभारलीय.
लॉकर इतके नवे
की कुणी त्यावर डोकं टेकून रडलेलं नाही.
बर्फ पडतो तो सरळ खाली, शहाण्या मुलासारखा.
आमच्याकडे तो सरोवरावरून आडवा येतो, कानात शिरतो,
एक फोन करून विचारता आलं असतं.
नायक अजून सतराचाच.
दिवसातून दोनदा दाढी करावी लागत असणार,
गालावरची पावडर सांगते.
भांडण तेच, स्पर्धा तीच,
चुकीच्या माणसाच्या हाती पडलेली चिठ्ठीही तीच.
खलनायिका चार ओळींत सुधारते,
पाचवीत नाचू लागते.
गणिताच्या बाई कुठे गेल्या?
निवृत्त झाल्या, वारल्या, एक वाक्य? नाही.
आणि जिना! तीन मजली, संगमरवरी,
सरकारी शाळेत!
दोनशे जण त्यावरून उतरतात,
चारशे पाय अचूक समेवर.

शिळ्या कढीला ऊत म्हणावा, तर ऊतही नाही.
फक्त भांडं नवं.

मध्ये एकदा मात्र
जुन्या चालीचे चार स्वर पियानोवर वाजले,
कुणी न गाता,
आणि मी पॉपकॉर्नमध्ये उगाच हात घालून बसलो.
तेवढं मान्य.

दोन रांगा पुढे कारिन होती,
बँकेतून तशीच आलेली, कोट अंगातच.
नायिकेचा वरचा सूर लागला,
गुळगुळीत, यंत्राने पुसून काढलेला.
तिने मान जराशी कलती केली,
आपल्या जुन्या घराच्या दारावर
दुसऱ्याची पाटी वाचावी तशी.
मागे वळली नाही.

मारेन कुजबुजली,
"बाबा, यात उशिरा कोण वळतं?"
मी शोधलं.
प्रत्येक रांग, डावा कोपरा,
ट्रे धरलेले सगळे हात.
शेवटचं गाणं झालं, मग नावं आली,
मग नावंही संपली,
दिवे लागले,
झाडू घेऊन एक पोरगा आत आला.

"कुणीच नाही," म्हणालो.
"वाटलंच," ती म्हणाली,
आणि बादलीच्या तळाशी उरलेले
न फुटलेले दाणे
खिशात भरू लागली.
घरी नेऊन
पुन्हा एकदा फोडून बघायचे होते तिला.