रेवनाथ, तुझी कादंबरी मिळाली

कुरिअरवाल्याला सही दिली, भाजी चढवली
आणि वाचायला बसले.
पाचपावलीतलं आपलं दोन खोल्यांचं घर
पुस्तकात बरंच मोठं झालंय.

मागाचा खड्डा म्हणजे, तू लिहितोस,
बाबांची कमरेपर्यंत पुरलेली हयात.
असेलही.
माग विकल्यावर आम्ही त्यात कांदे ठेवायचो.
एकदा तू पडलास, हनुवटी फुटली,
ते काहून नाही लिहिलंस?
खड्डा भरला आता. वर फ्रिज आहे.
दार जोरात लावलं
की फरशी जराशी पोकळ वाजते.

कूलर तुझ्याकडे आईसारखा धापा टाकतो.
त्याचा पंप गेलाय, एवढंच.
वाळ्याच्या ताट्या दर चैत्रात मीच आणते,
मोपेडवर, पायाशी आडव्या धरून.

झीरो माइलवर तुझी बारा पानं.
सगळी अंतरं तिथून मोजतात म्हणे.
तिथून घरापर्यंत ऑटोवाला दीडशे मागतो,
शंभरात येतो.

शहात्तराव्या पानावर मात्र भाजी करपली.
खिडकीच्या गजाला लाल सुताची गाठ.
तिचा काही अर्थ तू सांगितला नाहीस.
नुसती गाठ लिहिलीस
आणि पुढे गेलास, कुणाच्या तरी लग्नाकडे.

उठून बघितलं.
आहे.
रंग उडालाय, सुतात गंज शिरलाय,
नखानं सुटत नाही.

कुणी बांधली होती रे?
मला इतकी वर्षं वाटायचं, तू.