उघडझाप

डॉक्टर घैसास म्हणाले, बाई,
तुम्ही पापण्या मिटायला विसरताय.

पंधरा वर्षं बेलापूरला दस्तऐवजांची भाषांतरं,
वाटणीपत्रं, फेरफार, कुणाकुणाची हक्कसोडपत्रं,
सगळी पांढऱ्या उजेडात.
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, म्हटलं.
थेंब लिहून दिले. वर म्हणाले, पडदा बदलून बघा.

वाशी, सेक्टर सतरा. शटर अर्धं वर.
इरफान मुल्लांनी काचेवर तीन यंत्रं मांडली
आणि तिन्हींवर एकच पान उघडलं,
त्यांच्या मुलीच्या भूगोलाचं:
खाडी, खारफुटी, भरती-ओहोटी.

पहिला एलसीडी.
अक्षरांच्या मागं दिवा, कायम.
काळंसुद्धा त्याला पुरतं काळं जमत नाही;
दाराच्या फटीतून कळावं
आत कुणीतरी जागं आहे, तसं.

दुसरा ओलेड. याचा काळा म्हणजे काळाच,
तिथला दिवा खरोखर मालवलेला.
मी भुललेच होते.
मुल्लांनी उजेड कमी केला, मोबाईलचा कॅमेरा समोर धरला:
पानावरून पट्टे सरकत होते.
"फडफडतंय बघा. तुम्हाला दिसत नाही.
डोळ्यांना दिसतं."
हे वाक्य मी पिशवीत टाकून घरी आणलं.

तिसरा राखाडी. मख्ख.
पाटीसारखा; उजेड आपला आपण आणायचा.
तिन्ही बाहेर पायरीवर नेले, दुपारी दीडच्या उन्हात.
पहिले दोघे तिथं आरसे झाले,
माझ्याच कपाळावरचा घाम मला दाखवू लागले,
आणि हा बेटा उलट ठळक झाला.

वापरलेला होता. साडेचार हजार. घासाघीस करून चार.

आता नेरुळच्या गॅलरीत, कपडे वाळतात त्या बाजूला,
खुर्ची उन्हाबरोबर सरकवत वाचते.
पान उलटलं की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, मग उजळतो.
तरी मागच्या पानाची अक्षरं खाली पुसट राहतात,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीवर
कालचा पाढा राहावा तशी.
मुल्ला म्हणाले होते, हा दोष आहे, आधीच सांगून ठेवतो.

असेल.

काल एका बहिणीनं भावाला लिहून दिलेलं आलं.
"स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय."
सहीच्या जागी अंगठा.
पान उलटलं. पडदा मिटला,
त्याच्यासोबत मीही मिटले.
उघडले तेव्हा
तो अंगठा अजून तिथंच होता, फिकट,
पुढच्या पानावरच्या अटींखाली.